हसण्यात बुडालेलं शेवटचं वाक्य

लग्न होऊन तंजावूरला आले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, एका दुपारी मधल्या खोलीतून सासऱ्यांच्या हसण्याचा आवाज आला. मी कॉफीची भांडी विसळत होते. एकटा माणूस दार लोटून घेऊन इतकं हसतो, हे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. आधी दोन-तीन बारीक धक्के, मग श्वास आत ओढल्याचा लांब आवाज, हातपंपाला पाणी लागताना येतो तसा, आणि मग जे काही सुटलं ते थांबेचना. सकाळी माझ्या बोलण्यात काहीतरी चुकलं असणार आणि आता ते आठवून हे हसताहेत, अशी माझी खात्रीच झाली.

तसं वाटायला कारण होतं. मी मिरजेची. हे स्थळ आलं तेव्हा आमच्या घरी सगळ्यांना एकच दिलासा होता, की मुलगी इतक्या लांब जातेय पण निदान मराठी घरात जातेय. घर मराठीच होतं, मराठी राजांच्या काळापासून इथे राहिलेलं. पण त्यांचं मराठी मला कळेना आणि माझं त्यांना. ते ‘झालं’ला ‘जालें’ म्हणायचे, ‘कुठे’ला ‘कोठें’, ‘सगळे’ला ‘असके’. वाक्याचा शेवट तमिळ चालीवर वर चढायचा, त्यामुळे मला प्रत्येक वाक्य प्रश्नच वाटायचं आणि मी उगाच उत्तरं द्यायची. भाज्यांची, भांड्यांची, कपड्यांची नावं तमिळ. मी एकदा जेवण मस्त झालंय म्हणाले; त्यांच्याकडे ‘मस्त’ म्हणजे पुष्कळ, तर सासूबाईंनी संध्याकाळी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, की मीठ जास्त झालं होतं का. नवरा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, दिवसभर बाहेर. दहा-बारा दिवसांत मी जवळजवळ बोलायची बंद झाले होते.

सासूबाईंनी माझा चेहरा पाहिला असावा. त्या म्हणाल्या, मनावर घेऊ नको, ते कोणाला हसत नाहीत, ते लंडनवाल्यांना हसतात. आणि मला हाताला धरून त्यांनी मधल्या खोलीच्या दारात नेऊन उभं केलं.

मामंजी जमिनीवर बसले होते. पुढ्यात कॅसेटचा टेपरेकॉर्डर. डोळ्यांतलं पाणी पुसत त्यांनी मला बसायची खूण केली आणि कॅसेट थोडी मागे नेऊन पुन्हा लावली. दोन माणसं भरभर इंग्रजी बोलत होती, मधूनमधून लोकांचा हशा येत होता. माझं शिक्षण मराठी शाळेतलं. मला एक अक्षर कळलं नाही. ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी टेप थांबवून विनोद समजावून सांगायला घेतला. सांगताना ते जो शब्द वापरायचे तो मला माहीत नसायचा, मी तो विचारायची, मग त्यांना दुसरा शब्द शोधावा लागायचा, तो सापडला नाही की ते भिंतीवर बोटाने चित्र काढल्यासारखं करायचे. तो एक विनोद कळायला मला पाऊण तास लागला, आणि कळला तेव्हा हसू मुळीच आलं नाही. पण त्या पाऊण तासात मी तंजावूरला आल्यापासून पहिल्यांदा सलग बोलत होते.

मामंजी पाटबंधारे खात्यात होते. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी कावेरीच्या फाट्यांवरच्या एका खेड्यात काढली. तिथे कालव्याची दारं होती, पाण्यात उभी केलेली मोजपट्टी होती आणि खात्याची दोन खोल्यांची जागा होती. पाणी किती चढलं ते ठरलेल्या वेळी पाहून नोंदवहीत लिहायचं, हे त्यांचं काम. चहूकडे भातशेती. संध्याकाळी करण्यासारखं काही नाही. त्यांच्या थोरल्या भावाने सिंगापूरहून आणलेला रेडिओ आणि टेपरेकॉर्डर त्यांच्याकडे होता. शॉर्टवेव्हवर लंडनचं केंद्र लागायचं आणि आठवड्यातून काही वेळा अर्ध्या तासाचे विनोदी कार्यक्रम असायचे. सुरुवातीला त्यांनाही काही कळत नसे. ते रेडिओसमोर मायक्रोफोन ठेवून कार्यक्रम टेप करायचे आणि पुढचा आठवडाभर तेच पुन्हा पुन्हा ऐकायचे, हसण्याची जागा सापडेपर्यंत. इंग्रजी ते असं शिकले.

पुढे बदली होऊन शहरात आल्यावर वाचनालयं पालथी घालून, परदेशी असलेल्या ओळखीच्यांना पत्रं लिहून त्यांनी या कार्यक्रमांची माहिती जमवली. ती साठवायला एक जाडजूड वही होती. भाषा मराठी, लिपी तमिळ. आमच्या घरात माझ्याशिवाय देवनागरी कोणालाच वाचता येत नव्हती आणि मला तमिळ येत नव्हतं, म्हणून त्यांनी वाचून दाखवायचं आणि मी माझ्या वहीत देवनागरीत उतरवायचं असं सुरू झालं. दुपारी कॉफीनंतर आमचा तो तासच ठरला.

काय काय असायचं त्यात. रेडिओवर घोडा पळाला तर तो म्हणजे दोन नारळाच्या करवंट्या. हे सांगून त्यांनी स्वयंपाकघरातून करवंट्या आणल्या आणि फरशीवर घोडा चालवून दाखवला, आधी सावकाश, मग दौडत. टीव्हीवरच्या जुन्या मालिकांत माणूस घरातून बाहेर पडला की चित्राचा पोतच बदलतो, कारण घरातली दृश्यं स्टुडिओत टेपवर घेतलेली आणि बाहेरची फिल्मवर. जेवायला बसलेली माणसं टेबलाच्या तीनच बाजूंना का असतात, तर चौथ्या बाजूला कॅमेरा आणि प्रेक्षक. वर्षाला सहाच भाग का, तर बऱ्याचदा एक-दोन माणसंच सगळं लिहायची आणि सहानंतर त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. आणि एक गोष्ट ते नेहमी आवाज खाली आणून सांगायचे. त्या काळी टेप महाग होती, म्हणून कितीतरी कार्यक्रम पुसून त्याच टेपवर दुसरे घेतले गेले. लोकांना आवडलेले कार्यक्रमसुद्धा. आता ते जगात कुठेच नाहीत.

वर्षं गेली. मी तमिळ शिकले, घरी हिंदी परीक्षांच्या शिकवण्या घेऊ लागले. मुलगी झाली, मोठी झाली, शिकायला कोइमतूरला गेली. माझ्या बोलण्यात ‘जालें’ कधी शिरलं ते कळलं नाही; मिरजेला गेले की भाऊ चिडवतो. विनोदांवर मी मामंजींच्या आधी हसू लागले. ते याचा थोडा रागही मानायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. एक डोळा नीट सुधारला नाही. वही वाचता येईना. ते खोलीत नुसते बसून राहू लागले, टेपही लावेनात. तेव्हा मी कॉम्प्युटरवर शोधाशोध केली आणि मला इंग्लंडातल्या जुन्या श्रोत्यांचं एक मंडळ सापडलं. वीसेक म्हातारी माणसं, रविवारी त्यांच्या दुपारी, म्हणजे आपल्या संध्याकाळी, स्क्रीनवर जमायची आणि एकमेकांना जुन्या विनोदी कार्यक्रमांवर प्रश्न विचारायची. चालवणारे गृहस्थ उत्तरेकडच्या एका गावातले निवृत्त पोस्टमन होते. मी त्यांना लिहिलं, त्यांनी लगेच या म्हणून कळवलं.

पहिल्या रविवारी मामंजींनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कपाळाला विभूती लावली. सुरुवातीला त्यांचं इंग्रजी त्या लोकांना कळेना आणि त्यांचं यांना. मी मध्ये बसून दोन्हीकडचं पोहोचवत होते. पण तिसऱ्या प्रश्नाला सगळे गप्प असताना यांनी उत्तर दिलं, आणि उत्तराबरोबर तो कार्यक्रम ऐकला त्या दिवशी कालव्याला पाणी किती होतं तेही सांगितलं. मंडळाला ते फार आवडलं. पुढच्या रविवारपासून यांचं उत्तर बरोबर आलं की पोस्टमन गृहस्थ पाण्याची पातळीही विचारायचे.

असे तीन-चार महिने गेले. मग एका रविवारी प्रश्न आला एका रेडिओ मालिकेवर. मामंजींची ती फार लाडकी. इंग्लंडातल्या एका कालव्यावर बोटी वरखाली करायची दारं असतात, ती सांभाळणारा म्हातारा आणि त्याचा मदतनीस यांची गोष्ट. गंमत अशी की त्या कालव्यावर बोट कधी येतच नाही. प्रश्न होता, या मालिकेचा कोणता भाग पूर्णपणे नष्ट झाला आहे. कोणीतरी बरोबर उत्तर दिलं, तो तपासनीस येतो तो भाग. पोस्टमन गृहस्थ म्हणाले, बरोबर, त्याची एकही प्रत उरलेली नाही.

मामंजी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “असं कसं? तो आपल्या लोखंडी पेटीत आहे.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. स्क्रीनवरचे वीस चेहरे एकदम स्तब्ध झाले. मला वाटलं इंटरनेट गेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेटी काढली. कॅसेट होती, पण इथल्या दमट हवेने टेप चिकटून बसली होती आणि तिच्यावर पांढरी बुरशी धरली होती. जुन्या बसस्टँडजवळ एकाचं दुकान आहे, तो देवळातल्या उत्सवांचं आणि लग्नातलं नादस्वरम टेप करून देतो आणि लोकांच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर चढवून देतो. त्याने कॅसेट हातात घेऊन वास घेतला आणि आठ दिवस मागितले. ते आठ दिवस मामंजी शहरातल्या बसने रोज त्याच्याकडे जाऊन बसायचे. तो कंटाळला असणार, पण वयाकडे पाहून स्टूल पुढे करायचा.

नवव्या दिवशी त्याने आम्हा सगळ्यांना बोलावलं. सासूबाईही आल्या, वाटेत भाजी घ्यायची होती म्हणून. त्याने आवाज लावला. समुद्राच्या लाटेसारखी खरखर, मग सूर, मग ती दोन माणसं. भाग खरोखरच होता, सुरुवातीपासून. कालवा काही उपयोगाचा आहे की बंद करावा हे बघायला तपासनीस येतो. मग म्हातारा आणि मदतनीस एकच बोट आणून, दर वेळी तिच्यावर नवी पाटी लावून आणि डोक्यावरच्या टोप्या बदलून, तीच बोट तपासनिसासमोरून पुन्हा पुन्हा नेतात. तपासनीस मोजत राहतो. आम्ही दुकानात उभे राहून हसत होतो. तमिळ दुकानदारही हसत होता, कशाला ते त्याचं त्याला माहीत. शेवटी तपासनीस जाहीर करतो, की इतकी रहदारी असेल तर इथे आणखी एक दार बांधून आणखी दोन माणसं नेमली पाहिजेत. क्षणभर शांतता. मग म्हातारा शेवटचं वाक्य बोलायला तोंड उघडतो.

आणि त्याच क्षणी टेपवर कोणीतरी श्वास आत ओढतं. हातपंपाला पाणी लागताना येतो तसा आवाज. पुढे जे हसणं सुरू होतं ते मायक्रोफोनच्या अगदी जवळ, रेडिओपेक्षा दुप्पट मोठं. त्याच्याखाली म्हाताऱ्याचं वाक्य कुठेतरी गेलं. मग एका तरुण बाईचा आवाज, स्पष्ट: “हळू हसा, असके जागे होतील.” मग शेवटचं संगीत आणि खट्ट करून टेप बंद.

सासूबाई म्हणाल्या, की मी तेव्हाही सांगितलं होतं. आणि भाजी घ्यायला बाहेर पडल्या.

दुकानदाराने तो तुकडा सहा-सात वेळा लावला. हेडफोन लावून मीही ऐकला. वाक्य होतं, पण हसण्याच्या आत. मामंजी स्टुलावर बसून होते. ते काय होतं ते त्यांना आठवतं का, असं मी विचारलं. नाही, ते म्हणाले. पहिल्या वेळी हसण्यात ऐकू आलं नाही आणि टेपवर तर हे असं. त्या शेवटावर ते दर वेळी इतके हसायचे, की वाक्य आपल्याला माहीत नाही हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ते स्क्रीनसमोर बसले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. पोस्टमन गृहस्थांची तीन पत्रं आली, तिसऱ्यात त्यांनी फक्त प्रकृती विचारली होती. उत्तर काय द्यायचं, असं मी विचारलं. कॅसेट सापडली नाही असं कळवून टाक, असं मामंजी मला म्हणाले. मी म्हटलं, मला खोटं लिहिता येणार नाही. आयुष्यभर त्यांनी नोंदवहीतला एक रकाना रिकामा ठेवला नव्हता. तापातसुद्धा गेट-माणसाच्या खांद्यावर हात टाकून मोजपट्टीपर्यंत गेल्याचं सासूबाई सांगत. आणि आता सगळ्या जगात जी एकच प्रत आहे, तिच्यात मोक्याच्या जागी स्वतःचाच आवाज.

त्यांना तसं बसलेलं मला बघवेना. एका दुपारी मी कॉफी घेऊन गेले आणि म्हटलं, की त्या म्हाताऱ्याची बोलायची तऱ्हा तुमच्याइतकी कोणाला माहीत आहे. तो काय म्हणाला असेल ते तुम्ही सांगा, मी लिहिते, आम्हाला ऐकू आलं ते हेच, असं कळवू. कोण तपासणार आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी हे बोलेन असं त्यांना वाटलं नव्हतं, एवढंच.

“पूर आला आणि मोजपट्टी पाण्याखाली गेली,” ते सावकाश म्हणाले, “तर वहीत ‘बुडाली’ असं लिहायचं. आकडा लिहायचा नाही. पहिल्या दिवशी साहेबाने शिकवलं ते हे.”

मला लाज वाटली. कॉफी निवत होती. पण त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं आणि थोड्या वेळाने मी म्हटलं, “मग बुडाली असंच लिहू या ना. रिकामा रकाना कुठे राहतोय? वाक्य हसण्यात बुडालं.”

त्यांनी पेला उचलून डबऱ्यात, म्हणजे पेल्याखालच्या वाटीत, कॉफी ओतली, पुन्हा पेल्यात ओतली, दोन-तीनदा. मग म्हणाले, कागद घे.

ते पत्र त्यांनी खात्याच्या अहवालासारखं सांगितलं. कार्यक्रम कोणत्या गावी टेप केला, रेडिओ कुठे होता, मायक्रोफोन किती अंतरावर, हवामान कसं होतं. शेवटी एकच ओळ: अखेरचं वाक्य नोंदवणाऱ्याच्या हसण्यात बुडालं, त्याबद्दल नोंदवणारा दिलगीर आहे. त्या आठवड्यात आमच्याकडे खरोखरच मोठे साहेब तपासणीला येऊन गेले होते, आणि त्यांच्यासाठी मोजपट्टी रात्रीतून रंगवली होती, म्हणून हसू आवरलं नाही, हे वाक्य त्यांनी आधी सांगितलं, मग खोडायला लावलं. मी खोडल्यासारखं केलं आणि ठेवलं. एवढं एक मी त्यांना न विचारता केलं.

आवाजाची फाइल आणि पत्र गेलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, लांबलचक. पोस्टमन गृहस्थांनी ती रात्रभर ऐकली होती. त्यांच्या मंडळातल्या एका जाणकाराने हसणं बाजूला काढायची खटपट केली, तेव्हा ‘बोट’ हा एक शब्द तेवढा वर आला. बाकीचं गेलंच. पण सत्तावीस मिनिटं परत मिळाली होती, आणि ती त्यांनी शेवटची ऐकली होती तेव्हा ते शाळेत होते आणि त्यांचे वडील शेजारी बसले होते. मोजपट्टी रंगवल्याच्या गोष्टीबद्दल त्यांनी वेगळे आभार मानले होते. ते मी वाचून दाखवताना मामंजींनी मान वर केली.

रविवारी ते बसले. पुन्हा इस्त्रीचा शर्ट. मंडळाने ठरवलं होतं, की प्रश्नांआधी तो भाग सगळ्यांनी मिळून ऐकायचा. वीस चौकोनांत वीस म्हातारे चेहरे कान देऊन बसले होते. काही डोळे मिटून. ते हसत होते त्याच जागांवर आम्हीही हसत होतो. शेवट जवळ आला तशी मामंजींनी माझं मनगट घट्ट धरलं. तपासनिसाची घोषणा झाली, क्षणभराची शांतता झाली आणि मग तो श्वास. पहिल्यांदा एक बाई हसायला लागली, वरच्या कोपऱ्यातली, पांढऱ्या केसांची. मग तिच्या शेजारचे. बघता बघता सगळा पडदा हलायला लागला. कोणी चष्मा काढून डोळे पुसत होतं. मामंजी आधी ओशाळले, मग तेही गेले त्यात. तरुणपणीचं त्यांचं हसणं आणि आताचं, दोन्ही एकाच वेळी खोलीत चालू होतं.

हसू ओसरल्यावर पोस्टमन गृहस्थांनी विचारलं, की टेपवरच्या त्या बाई काय म्हणाल्या. मी अर्थ सांगितला. त्या कोण, असं त्यांनी विचारलं. सासूबाई दाराशी डांगर पच्चडीसाठी, म्हणजे उडदाच्या पिठाच्या कोशिंबिरीसाठी, दही घुसळत उभ्या होत्या. मी त्यांना ओढून आणून स्क्रीनसमोर बसवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या जराही गडबडल्या नाहीत. त्यांनी एकेक चौकोन नीट न्याहाळला आणि मला म्हणाल्या, ही असकी माणसं दुपारची घरात एकटीच बसलेली दिसतात, यांनी जेवणात काय केलंय ते विचार.

मी विचारलं. एकाने उकडलेला बटाटा सांगितला. दुसऱ्या बाईंनी सूपचा डबा उघडून दाखवला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि सूपमध्ये मिरे टाकायला सांगितले, मग जिरे, मग ते दोन्ही आधी कुटून घ्यायला. पोस्टमन गृहस्थ लिहून घेत होते. मामंजी दोनदा म्हणाले, की प्रश्न सुरू करू या. त्या दिवशी प्रश्न झाले नाहीत.